दुसऱ्याने दिलेले नशीब

नेपल्सच्या जुन्या शहरात सान ग्रेगोरियो आर्मेनो नावाची एक अरुंद गल्ली आहे. नाताळच्या देखाव्यासाठी लागणाऱ्या मातीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची ही गल्ली. पण वर्षाचे बाराही महिने तिथे आधी नजरेत भरतो तो लाल रंग. दुकानांच्या चौकटींवर, दोऱ्यांवर, खिळ्यांवर लहानमोठी लाल शिंगे लटकत असतात. पिकल्या मिरचीसारखी निमुळती आणि टोकाकडे वळलेली. हा ‘कोर्नो’. गाडीच्या आरशाला, किल्ल्यांच्या जुडग्याला, गळ्यातल्या साखळीला, नव्या दुकानाच्या गल्ल्यामागे, सगळीकडे तो असतो. त्याच्याबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की स्वतःसाठी स्वतःच विकत घेतलेले शिंग उपयोगाचे नाही. ते दुसऱ्याने द्यावे लागते. देणारा त्याचे टोक घेणाऱ्याच्या तळहाताला हलकेच टोचतो, तेव्हा कुठे ते ‘लागू’ होते. शिंग तुटले तर हळहळायचे नाही. तुमच्यावर येणारे काहीतरी त्याने स्वतःवर घेतले, असे मानायचे.

इटलीतल्या शकुन-अपशकुनांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातले पुष्कळसे लेखन म्हणजे याद्या आहेत. हे शुभ, ते अशुभ, हे करा, ते टाळा. त्या वाचताना मनोरंजन होते, पण ही माणसे असे का वागतात हे कळत नाही. मला या साऱ्या पसाऱ्यात, विशेषतः नेपल्समध्ये, एक धागा सलग दिसतो. तिथे नशीब ही एकट्याची गोष्ट नाही. ते कोणीतरी देते, कोणाच्या तरी नजरेने ते जाते, मेलेली माणसे ते स्वप्नात धाडतात, आणि सरकार ते खिडकीवर विकते. या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

शिंगापासूनच सुरुवात करू. आज बहुतेक शिंगे प्लॅस्टिकची किंवा भाजक्या मातीची असली, तरी जुन्या घरांत जपलेले शिंग पोवळ्याचे असते. नेपल्सच्या दक्षिणेला, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी असलेले तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळ्याच्या कारागिरीसाठी जगभर ओळखले जाते. तिथे पोवळे घडवण्याचा पहिला कारखाना १८०५ साली एका फ्रेंच माणसाने काढला. समुद्रातून पोवळे काढण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. पोवळ्याचा हा प्रवास आपल्यापर्यंत येऊन पोचतो. रोमन लेखक थोरला प्लिनी नमूद करतो, की रोमच्या स्त्रियांना हिंदुस्थानचे मोती जितके मोलाचे वाटतात, तितकेच हिंदुस्थानच्या पुरुषांना आमचे पोवळे. आणि तिथले ज्योतिषी त्याला संकटे टाळणारे मानतात. तान्ह्या बाळांच्या अंगावर पोवळ्याची फांदी बांधण्याची रोमन रीतही त्याने नोंदवली आहे. हाच प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळे आहे. आणि त्या बंदराकडे माल पाठवणाऱ्या गावांमध्ये आपले पैठण आणि तेर आहेत. मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालणारा मराठी माणूस आणि गळ्यात पोवळ्याचे शिंग घालणारा नेपल्सचा कोळी, दोघांचा माल एकाच समुद्रातून आला असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

उलट दिशेचाही एक पुरावा नेपल्समध्येच आहे. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे पंचवीस सेंटीमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव तिला तेव्हापासून चिकटले, जरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य दाखवले गेले आहे. समृद्धीची ही भारतीय मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ‘गुप्त दालना’त ठेवली गेली. त्या दालनाची गोष्ट शिंगाच्या मुळाशी नेणारी आहे. पाँपेईत रस्त्यांवर, दुकानांच्या भिंतींवर, दिव्यांवर, घंटांवर पुरुषलिंगाची चिन्हे सर्रास सापडली. एका बेकरीच्या भट्टीवर तर असे चिन्ह कोरून, इथे सुख नांदते अशा अर्थाचे शब्द लिहिलेले होते. रोमन लोकांसाठी यात अश्लील काही नव्हते. वाईट नजर अडवणारी, भरभराट आणणारी ती खूण होती. मुलांच्या गळ्यातही तिचे लहान ताईत असत. १८१९ साली नेपल्सच्या राजपुत्राने, पुढे पहिला फ्रान्सिस म्हणून राजा झालेल्याने, हे दालन पाहिले आणि लाजेने ते कुलूपबंद करवले. सर्वसामान्यांसाठी ते कायमचे उघडायला २००० साल उजाडले. आजचे लाल शिंग हे त्या रोमन खुणेचे सोज्वळ झालेले रूप, असे मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. मलाही ते पटते. राजपुत्राने दाराला कुलूप घातले तेव्हा ती खूण बाहेर रस्त्यावर, वेगळ्या आकारात, कधीपासून फिरत होती.

शिंग अडवते ते नजरेला. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ‘मालोक्यो’ म्हणजे दृष्ट. ती मत्सरातून लागते, कधी नकळत, कौतुकातूनही. ती उतरवणाऱ्या बायका दक्षिण इटलीच्या खेड्यांत आजही आहेत. ताटलीत पाणी घेऊन त्यात तेलाचे थेंब सोडतात. थेंब पसरले तर दृष्ट लागली आहे असे समजतात आणि हळू आवाजात मंत्र पुटपुटतात. तो मंत्र एरवी कोणालाही सांगायचा नसतो. नाताळच्या आदल्या रात्रीच एका बाईने दुसरीला द्यायचा असतो. मीठ-मोहरी ओवाळणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही हे परके वाटणार नाही.

‘येत्तातूरा’ मात्र निराळी. ती खेड्यातली नाही, शहरातली आहे, आणि तिचा सुवर्णकाळ अठराव्या शतकातला, म्हणजे नेपल्समध्ये विवेकवादी विचारवंतांची पिढी बहरात असतानाचा. येत्तातोरे, म्हणजे जिची नजर बाधते ती व्यक्ती, मत्सरी नसतो. तो सज्जन, सुशिक्षित, सभ्यही असू शकतो. फक्त तो जिथे जातो तिथे काहीतरी बिघडते. १७८७ मध्ये निकोला वाल्लेत्ता या कायद्याच्या प्राध्यापकाने या विषयावर एक पुस्तक लिहिले आणि शेवटी वाचकांपुढे प्रश्न ठेवले: पुरुषाची नजर जास्त बाधते की स्त्रीची, चष्मेवाल्याची की विग घालणाऱ्याची? लिहिणारा विश्वास ठेवतो आहे की थट्टा करतो आहे, हे वाचताना ठरवता येत नाही. एर्नेस्तो दे मार्तिनो या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ च्या ‘सुद ए माजिया’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा धरला. त्याचे म्हणणे असे, की नेपल्सच्या सुशिक्षितांनी जुनी जादू पूर्ण टाकली नाही आणि विवेकही पूर्ण स्वीकारला नाही. अर्ध्या थट्टेचा, अर्ध्या भीतीचा एक मधला मार्ग काढला, तो म्हणजे येत्तातूरा. त्याच ग्रंथात लुकानिया या अतिशय गरीब प्रदेशातल्या शेतकऱ्यांबद्दल तो लिहितो तेव्हा मात्र सूर बदलतो. पीक, जनावर, बाळंतीण, तान्हे मूल, कशाचाच भरवसा नसलेल्या जगात माणूस आतून ढासळू नये म्हणून हे विधी त्याला धरून ठेवतात, हे त्याचे प्रतिपादन. अंधश्रद्धेवर इतक्या सहृदयतेने आणि तरीही तिची भलामण न करता लिहिलेली पुस्तके मोजकीच आहेत.

येत्तातूरेची किंमत कोणीतरी मोजतो. ज्याच्यावर शिक्का बसला, तो. आंद्रेआ दे योरियो हा नेपल्सचा विद्वान धर्मगुरू. शहरातल्या हातवाऱ्यांचा प्राचीन चित्रांशी संबंध जोडणारे त्याचे १८३२ चे पुस्तक आजही अभ्यासले जाते. पण लोकांत तो अपशकुनी म्हणून ओळखला जाई. राजा पहिला फर्डिनांड त्याला भेटायचे वर्षानुवर्षे टाळत होता, शेवटी एकदा भेटला आणि दुसऱ्या दिवशी मेला, अशी कथा सांगतात. राजा ४ जानेवारी १८२५ ला वारला हे खरे. तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. लेखक पिरांदेल्लोच्या ‘ला पातेंते’ या कथेत या शिक्क्याचे भयानक टोक दिसते. कथेतला कियार्कियारो अपशकुनी ठरल्यामुळे नोकरी गमावतो, त्याचे कुटुंब वाळीत पडते. मग तो न्यायालयाकडे मागणी करतो, की मला अधिकृत अपशकुनी म्हणून परवाना द्या. मी दुकानासमोर उभा राहीन आणि निघून जाण्याचे पैसे घेईन. १९५४ च्या चित्रपटात नेपल्सचा लाडका नट तोतोने ही भूमिका केली. लोक हसतात, पण ही गोष्ट हसण्याची नाही. नशीब माणसांकडून येते असे एकदा मानले, की कमनशीबही कोणाच्या तरी माथी मारता येते. पाठीला कुबड असलेल्या पुरुषाचे तेच. त्याच्या कुबडाला हात लावणे शुभ मानले जाते. कमरेखाली शिंग असलेल्या कुबड्याच्या बाहुल्या कोर्नोच्या शेजारीच विकायला असतात. कुबड असलेली स्त्री मात्र अशुभ. एखाद्याच्या शरीराला न विचारता हात लावायचा आणि त्याच्या व्यंगाला आपल्या फायद्याचे साधन करायचे, यात मला गोड काही दिसत नाही.

बाकीचे शकुन झटपट पाहून घेऊ. इटलीत तेरा हा आकडा बहुधा चांगला, सतरा वाईट. रोमन अंकांतल्या सतराची अक्षरे उलटसुलट केली की ‘मी जगलो’, म्हणजे ‘आता मी मेलो’, असा लॅटिन शब्द होतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. रेनो कंपनीने आपली ‘सतरा’ नावाची मोटार इटलीत ‘एकशे सत्त्याहत्तर’ म्हणून विकली. आपण लाकडाला हात लावा म्हणतो तिथे इटालियन माणूस लोखंडाला हात लावतो. नाटकवाले जांभळा रंग टाळतात, कारण ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत चर्चमध्ये जांभळी वस्त्रे असत, तेव्हा नाटके बंद असत आणि नटांची उपासमार होई. मिलानच्या भव्य गॅलेरियात जमिनीवर जडवलेल्या बैलावर टाच रोवून गिरकी घेतात, फ्लॉरेन्समध्ये कांस्याच्या रानडुकराचे नाक चोळतात. हे आता मुख्यतः पर्यटकांचे खेळ झाले आहेत आणि त्यात फारसा जीव उरलेला नाही. रोमच्या त्रेवी कारंज्यात टाकलेली नाणी मात्र वेगळी. दर वर्षी दहा लाख युरोंहून अधिक रक्कम जमते आणि ती ‘कारितास’ या कॅथलिक संस्थेमार्फत गरजूंसाठी जाते.

नेपल्समध्ये देवाशीही नाते असेच उघडपणे सांगायचे. शहराचा रक्षणकर्ता संत सान जेन्नारो. त्याचे म्हणून जपलेले वाळलेले रक्त वर्षातून तीनदा, मे महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला, पातळ होते का हे पाहायला गर्दी जमते. डिसेंबरची तारीख १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची आठवण आहे. रक्त पातळ व्हायला उशीर झाला, की पुढे बसलेल्या वृद्ध बायका, ज्यांना संताच्या ‘नातेवाईक’ म्हणतात, त्याला रागावतात, ‘पिवळ्या तोंडाच्या’ असे हिणवतात. डिसेंबर २०२० मध्ये रक्त पातळ झाले नाही, कोविडच्या पहिल्या वर्षात. त्याचा अर्थ काय, हे नेपल्समध्ये कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मेलेल्यांचे नाते त्याहून जवळचे. सानिता वस्तीत डोंगराच्या पोटात फोंतानेल्ले नावाचे अस्थिगृह आहे. १६५६ च्या प्लेगमधली आणि नंतरच्या कॉलऱ्यातली हजारो बेवारस माणसांची हाडे तिथे आहेत. १८७२ मध्ये गायतानो बार्बाती या धर्मगुरूने स्थानिक बायकांच्या मदतीने ती रचून ठेवली, आणि बायकांनी एकेक कवटी जणू दत्तक घेतली. ती पुसायची, तिच्यासाठी लाकडी पेटी करायची, फुले ठेवायची, त्या अनाम जिवाला शुद्धिस्थानातल्या आगीत गारवा मिळावा म्हणून प्रार्थना करायची. बदल्यात तो जीव स्वप्नात येऊन आकडे सांगेल ही अपेक्षा. आकडे लागले नाहीत तर कवटी बदलायची. १९६९ मध्ये कार्डिनल उर्सी यांनी या पूजेवर बंदी घातली. व्यवहार म्हणून तो सरळ होता, पण ज्यांच्यासाठी जगात रडणारे कोणीच नव्हते अशा हजारोंना त्यामुळे रोज कोणीतरी आठवत होते.

आकडे कशासाठी, तर लोत्तोसाठी. एक ते नव्वद आकड्यांतून पाच काढायचे. हा खेळ जन्मला जेनोव्हात, शहराच्या कारभाऱ्यांची चिठ्ठ्या टाकून निवड होई त्यावर लागणाऱ्या पैजांतून. नेपल्समध्ये तो १६८२ पासून सुरू झाला. स्वप्नांचे आकड्यांत रूपांतर करणारे कोष्टक म्हणजे ‘स्मोर्फिया’. अठरा म्हणजे रक्त, तेहतीस म्हणजे ख्रिस्ताचे वय, सत्तेचाळीस मेलेला माणूस, अठ्ठेचाळीस बोलणारा मेलेला माणूस, पन्नास भाकरी, पासष्ट रडणे, नव्वद भीती. वारलेले वडील स्वप्नात आले, बोलले, भाकरी दिली आणि आपण घाबरलो, तर अठ्ठेचाळीस, पन्नास, नव्वद. आपल्याकडे मटक्याचा आकडा पोलिसांना चुकवून लावला जाई. इटलीत मात्र तो सरकारी खिडकीवर लावतात.

आणि इथे माझी सहानुभूती संपते. तीन आकडे बरोबर येण्याची शक्यता ११,७४८ मध्ये एक आहे, बक्षीस मिळते लावलेल्या रकमेच्या ४,५०० पट. दोन आकड्यांची शक्यता सुमारे ४०० मध्ये एक, बक्षीस २५० पट. मधला फरक राज्याचा. नेपल्सच्या बुर्बोन राजांनी तो घेतला, १८६१ नंतर एकसंध इटलीने घेतला. मातिल्दे सेराओ या पत्रकार-कादंबरीकार बाईंनी १८८४ मध्येच नेपल्सच्या वस्त्यांचे वर्णन करताना लोत्तोला गरिबांचा घात करणारी नशा म्हणून दाखवले, आणि १८९१ च्या ‘इल पाएझे दी कुकान्या’ या कादंबरीत एक उमराव घराणे त्यापायी कसे लयाला जाते ते रंगवले. आकडे दिसतात असा दावा करणाऱ्या एका माणसाला ही मंडळी चक्क पळवून नेऊन कोंडतात. कादंबरी अतिरंजित वाटत असेल तर २००३ ते २००५ मधले खरे प्रकरण पाहावे. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ पासून निघेना. जितका उशीर, तितका तो आता निघालाच पाहिजे या समजुतीने लोक पैसा वाढवत गेले. प्रत्यक्षात प्रत्येक सोडतीत त्याची शक्यता तेवढीच होती, अठरात एक. १८२ सोडती कोऱ्या गेल्या. अब्जावधी युरो लागले, घरे विकली गेली, आत्महत्या झाल्या. ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला. या साऱ्या काळात सरकारी खिडक्या उघड्याच होत्या. शिंग खिशात ठेवणाऱ्या माणसाला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या शिंगाने त्याचे घर कधी विकायला लावले नाही.

लोत्तोतून एक चांगली गोष्टही निघाली. १७३४ मध्ये राजा तिसरा चार्ल्स लोत्तो कायदेशीर करू पाहत होता आणि फादर रोक्को हा डोमिनिकन साधू त्याच्या विरोधात होता. तडजोड म्हणून नाताळच्या आठवड्यात लोत्तो बंद ठेवायचा ठरला आणि लोकांनी तोच खेळ घरी मांडला, असे परंपरा सांगते. तो तोंबोला. आपल्या सोसायट्यांत आणि भिशीत खेळला जाणारा नव्वद आकड्यांचा तांबोला याच घराण्यातला. नेपल्सच्या घरांत नाताळपासून तो रंगतो. आकडे झाकायला वाळलेल्या घेवड्याचे दाणे किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे वापरतात, पैजा चिल्लरीच्या असतात, आणि जिंकलेले पैसे टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, एवढेच. ३१ डिसेंबरच्या रात्री मसूर खातात, कारण त्याचे दाणे नाण्यांसारखे. लाल अंतर्वस्त्र घालतात, आणि तेही कोणीतरी भेट दिलेलेच असावे लागते.

तोंबोल्याचा सर्वांत जिवंत प्रकार आढळतो नेपल्सच्या गरीब वस्त्यांत, तळमजल्यावरच्या एका खोलीच्या घरांत. तिथे आकडे पुकारते ती ‘फेम्मिनिएल्ला’, पुरुषाच्या देहात जन्मून बाईसारखे जगणारी व्यक्ती. ती नुसता आकडा सांगत नाही. स्मोर्फियातले अर्थ जोडत चावट, लांबलचक गोष्ट रचते आणि बायका हसून लोटपोट होतात. या समाजाला वस्तीत शुभ मानतात. नवजात बाळ त्यांच्या हातात देण्याची रीत आहे, आपल्याकडे तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेतात तशीच. येत्तातोरेला दार बंद करणाऱ्या शहराने यांच्यासाठी ते उघडे ठेवले आहे. दर वर्षी २ फेब्रुवारीला हे सारे नेपल्सच्या पूर्वेकडच्या माँतेव्हेर्जिने डोंगरावरच्या मठात जातात. तिथली सावळी माता मरिया, ‘माम्मा स्कियाव्होना’, सगळ्यांना सगळे माफ करते अशी श्रद्धा आहे. डफासारखे ताम्मोर्रा वाजवत, गात, नाचत ते पायऱ्या चढतात, आणि त्यांच्यासोबत वस्तीतली इतर कुटुंबेही असतात, लहान मुलांना खांद्यावर घेऊन.